चिमणीचा हिशेब ठेवणारा पिता

सामान्य काळातील बारावा रविवार
(मत्तय 10:26-33)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या शिष्यांना कामगिरीवर पाठवीत आहे. पुढे विरोध आहे, छळ आहे, कदाचित मरणही आहे. म्हणून तो त्यांना एकदा नव्हे तर तीनदा बजावतो की, मनात भय धरू नका. आणि धीर देण्यासाठी तो दाखला कशाचा देतो? राजाच्या फौजेचा नाही, मंदिराच्या दगडी भिंतींचा नाही. तो बाजारात विकायला ठेवलेल्या चिमण्यांकडे बोट दाखवितो.

त्या काळी चिमण्या खाण्यासाठी विकल्या जात. ते गरिबाघरचे मांस. मत्तय सांगतो की एका नाण्याला दोन चिमण्या मिळत. हे नाणे म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा हिस्सा. संत लूकने हाच प्रसंग सांगताना (12:6) दोन नाण्यांना पाच चिमण्या असा भाव दिला आहे. म्हणजे चार विकत घेतल्या की पाचवी वर. मंडईत भाजी घेतली की भाजीवाली कढीपत्त्याची काडी वर टाकते, तशी ती पाचवी चिमणी. तिला किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो की तिचाही विसर पित्याला पडत नाही.

पण इतके सांगून प्रभू थांबत नाही. तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे, हेही तो त्याच दमात सांगतो. बंधुभगिनींनो, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकत्र धरायच्या आहेत. पहिली सोडली तर माणूस निर्दय होतो. दुसरी सोडली तर माणूस माणसालाच विसरतो. आपल्या धर्मग्रामातील एका घरात या दोन्ही गोष्टी कशा एकत्र नांदल्या, ते आज सांगावेसे वाटते. त्या कुटुंबाने परवानगी दिली आहे. नावे मात्र मी सांगणार नाही.

हे घर दोन खोल्यांचे. नवरा-बायको, पाचवीत शिकणारी मुलगी आणि आजोबा. आजोबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खाट आहे. एका सप्टेंबरात हे लोक हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेले होते. परतताना नातेवाइकांनी मुलीला चार गावठी पिल्ले दिली. दोन मांजराने नेली, एक थंडीत मेले. उरलेली एक तलंग वाढली. मुलीने तिचे नाव ठेवले चिंगी. मागच्या दारी डालग्याखाली ती रात्री झाकली जाई, दिवसा कण्या टिपत घरभर फिरे. आजोबांच्या खाटेखाली बसणे तिला विशेष आवडे.

पाच-सहा महिन्यांची झाल्यावर चिंगी लंगडू लागली. आठवड्याभरात ती उभी राहीनाशी झाली. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे, आणि एक पंख लोंबलेला. पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर काढून दाखविली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “हा बहुधा मारेक आहे. पक्की खात्री ती मेल्यावर शवविच्छेदनानेच होते. यावर औषध नाही. काही दिवस काढील, काही महिनेही काढील.”

मारेक हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 साली पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचे वर्णन प्रथम केले, म्हणून या रोगाला त्यांचे नाव मिळाले. हा विषाणूचा रोग आहे. तो पिसांच्या मुळाशी वाढतो व पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो. तो मज्जातंतूंत शिरला की पाय, पंख किंवा मान लुळी पडते. काही पक्ष्यांच्या पोटात गाठीही होतात. माणसाला हा रोग होत नाही. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी पिल्लांना त्याची लस टोचतात, पण घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेल्या गावठी पिल्लांना ती सहसा मिळत नाही. आपल्या लोकांना अधिक परिचित आहे ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्यात मान पिरगळते, पंख-पाय लुळे पडतात व खुराडेच्या खुराडे रिकामे होते. त्या रोगाची लस आपल्या पुण्यातच, औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. जे घरी कोंबड्या पाळतात त्यांनी दवाखान्यात जाऊन लसीची चौकशी अवश्य करावी. रोग झाल्यावर हळहळण्यापेक्षा ते बरे.

चिंगीला औषध नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सल्ले दिले. कोणी म्हणाले, मान मुरगाळून टाका. कोणी म्हणाले, लांब नेऊन सोडा. एक जण हसून म्हणाला, “कोंबडीला कोणी भरवतं का? आजारी पडायच्या आधीच कापायची होती!” मुलगी कोणाशी भांडली नाही. तिने खोक्यात जुने लुगडे घडी करून अंथरले आणि कामाला लागली.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजोबांना कम्युनियन देण्यासाठी मी त्या घरी जातो. तेव्हा मी हे काम पाहिले. दर दोन-तीन तासांनी ती चिंगीची कूस बदले, कारण एकाच बाजूला पडून राहिल्यास छातीच्या हाडाशी जखम होते. खालचे कापड ओले झाले की काढून दुसरे घाली. शेपटीखालची घाण कोमट पाण्याने पुसून कोरडी करी. भाताची मऊ पेज व भिजवलेल्या कण्या बोटाने चोचीपुढे धरी. पाणी पाजताना थेंब चोचीच्या कडेला लावी. घशात ओतीत नसे, नाहीतर ते श्वासनळीत जाते. जुन्या ओढणीला दोन भोके पाडून तिने झोळी केली होती. त्यात पाय खाली सोडून चिंगी थोडा वेळ उभ्यासारखी राही आणि सकाळचे ऊन घेई. प्रत्येक वेळी काम झाले की मुलगी साबणाने हात धुई.

मी विचारले, “बाळ, हे सगळे तुला कोणी शिकविले?” तिला प्रश्नच कळला नाही. तिने आईकडे पाहिले. मग माझ्या लक्षात आले. खाटेपाशी तिची आई हेच करीत होती. दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. चादर ओली राहू द्यायची नाही. डोके उंच करून चमच्याने पेज भरवायची, घाई करायची नाही, ठसका लागू द्यायचा नाही. मुलीने हे तीन वर्षे पाहिले होते. पुस्तकातून नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गातूनही नाही. तिच्या घरात लुळे पडलेल्याला असेच सांभाळतात, एवढेच तिला ठाऊक होते.

तिच्या आईने मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “फादर, कोंबडीचं एवढं काही नाही हो. पण ती लुळी झाली म्हणून आम्ही तिला फेकून दिली असती, तर बाबांनी ते खाटेवरून पाहिलं असतं. त्यांना बोलता येत नाही, पण समजतं सगळं. त्यांच्या मनात काय आलं असतं?”

बंधुभगिनींनो, आपण घरात काय बोलतो ते खाटेवरचा माणूस ऐकत असतो. “आता हिचा काय उपयोग?” “खाऊन पडून असते.” “सुटली तर बरं.” हे शब्द कोंबडीविषयी असोत, म्हाताऱ्या बैलाविषयी असोत, की शेजारच्या आजारी माणसाविषयी असोत. ऐकणारा ते स्वतःला लावून घेतो. जो कामाचा नाही तो नकोसा, असा कायदा एकदा घरात झाला की तो कोंबडीपाशी थांबत नाही. तो खाटेपर्यंत पोहोचतो. त्या माउलीने हे ओळखले होते.

पवित्र शास्त्रात ही दृष्टी ठायी ठायी आढळते. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे, ती ही की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखवून देण्यासाठी गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली (2 शमुवेल 12). ती कोकरी मालकाच्या ताटातले खाई व त्याच्या कुशीत झोपे. राजा ती गोष्ट ऐकून संतापला, कारण कोकरीवरचे ते प्रेम खोटे आहे असे त्याला क्षणभरही वाटले नाही. आणि स्वतः प्रभू येशू यरुशलेमसाठी शोक करतो, तेव्हा आपल्या प्रेमाला कोणती उपमा देतो? पिल्लांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची (लूक 13:34). सिंहाची नव्हे, गरुडाची नव्हे. आपल्या परसातल्या कोंबडीची.

कोंबडीच्या लुळ्या पायांकडे नीट लक्ष दिल्याने माणसाचे केवढे भले झाले, याची एक खरी हकिकत सांगतो. क्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर 1890 च्या दशकात जावा बेटावर, आजच्या जकार्ता शहरात, बेरीबेरी या रोगावर संशोधन करीत होते. त्या रोगात माणसांचे पाय लुळे पडत व पुष्कळ लोक मरत. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचेही पाय लुळे पडू लागले. पुढे त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले की काही काळ त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढऱ्या, सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने तो देणे बंद केले, आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. सडताना जो कोंडा निघून जातो त्यात पायांना बळ देणारे काहीतरी आहे, हे असे उजेडात आले. आज आपण त्याला ब-1 जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. लंगडणारी कोंबडी दिसताच कोणी ती नुसती फेकून दिली असती, तर बेरीबेरीचे कोडे सुटायला कदाचित आणखी वेळ लागला असता.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच महत्त्वाची आहे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. 2415 ते 2418) चार गोष्टी स्पष्ट आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती असून आपण त्यांना दया दाखविणे लागतो. तेथे असिसीकर संत फ्रान्सिस व संत फिलिप नेरी यांची आठवण करून दिली आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे गैर नाही. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. आणि चौथी गोष्ट अशी की, माणसाच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा लागावा तो प्राण्यांवर उधळणे, किंवा जी माया केवळ माणसाची ती प्राण्याला देणे, हेही योग्य नाही.

म्हणून मी त्या घराचा हिशेब पाहिला. एक केसपेपर, जीवनसत्त्वाच्या थेंबांची एक बाटली, घरातली पेज, जुने लुगडे आणि मुलीचा वेळ. आजोबांच्या गोळ्यांतला एक पैसाही तिकडे वळला नव्हता. आजोबांची कूस बदलायची वेळ झाली की मुलगी चिंगीला खाली ठेवून आईच्या मदतीला उठे. हा क्रम तिला कोणी सांगावा लागला नाही. पण आज शहरात अशीही घरे आहेत जिथे कुत्र्याला दोन वेळा फिरवायला वेळ आहे आणि आईच्या खोलीत पाच मिनिटे बसायला नाही. कुत्र्यावरचे प्रेम हा दोष नव्हे. आईची खोली रिकामी आहे, हा दोष आहे.

चिंगी सात महिने जगली. शेवटी तिने अन्न सोडले, श्वासाला धाप लागली, कण्हणे थांबेना. डॉक्टर म्हणाले, आता हाल होतील, इंजेक्शन देऊन सोडवू या. घरच्यांनी ते मान्य केले. त्यात पाप झाले का, असे मुलीने मला विचारले. मी म्हणालो, नाही. प्राण्याच्या यातना थांबविण्यासाठी असे करणे ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाही.

पण त्या दिवशी आईने एक गोष्ट आधी केली. दवाखान्यात जाण्यापूर्वी ती सासऱ्यांच्या खाटेवर बसली. त्यांचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, “बाबा, चिंगीला फार त्रास होतोय, म्हणून डॉक्टर तिला झोपवणार आहेत. तुमच्या बाबतीत असं आम्ही कधी मनातसुद्धा आणणार नाही. देव बोलावील तोवर तुम्ही आमच्यात आहात.” म्हाताऱ्याने तिचा हात घट्ट दाबला.

बंधुभगिनींनो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्या माउलीने साध्या शब्दांत सांगितली. कोंबडीचे दुःख थांबविण्याचा अधिकार आपल्याला आहे. माणसाचा जीव थांबविण्याचा नाही. त्याच्या वेदना कमी करायच्या, त्याला स्वच्छ ठेवायचे, भरवायचे, त्याचा हात धरायचा, आणि दिवस मोजण्याचे काम देवावर सोपवायचे. आपल्या महाराष्ट्रानेच हे पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या हल्ल्यानंतर 42 वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. 2011 साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला व न्यायालयाने ती याचिका फेटाळली. 2015 च्या मे महिन्यात त्यांचे निधन होईपर्यंत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांतील अनेकींनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलेलेही नव्हते.

पुण्यालाही अलीकडे अंग लुळे पडण्याचा अनुभव आला. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे, म्हणजे जीबीएस, या आजाराचे रुग्ण आढळू लागले व पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. काल चालणारा माणूस आज हात हलवू शकत नव्हता. काही जण दगावले. पुष्कळ जण घरच्यांच्या व परिचारिकांच्या सेवेने हळूहळू पुन्हा उभे राहिले. त्या वेळी अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू आढळला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो, कोंबडीला त्याचा त्रास होतोच असे नाही. म्हणून सांगतो, दया असावी आणि सावधपणाही असावा. कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. आजारी पक्षी लहान मुलांच्या तोंडापाशी व स्वयंपाकाच्या जागी आणू नका. पाणी उकळून प्या, मांस पूर्ण शिजवा. आणि एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तर लपवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो आपल्या स्मरणात असेलच.

मुलीचा शेवटचा प्रश्न असा होता : “फादर, चिंगी स्वर्गात गेली का?” ख्रिस्तसभेने याविषयी कोणताही सिद्धांत घालून दिलेला नाही. पण संत पौल रोमकरांना लिहिताना (8:19-22) सांगतो की केवळ माणूसच नव्हे तर सारी सृष्टी कण्हत आहे आणि सुटकेची वाट पाहत आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले की अगदी क्षुल्लक जिवाचे क्षणभराचे आयुष्यही देवाच्या प्रेमाबाहेर नाही. म्हणून मी तिला म्हणालो, “देव चिमणीला विसरत नाही, असं येशूनं सांगितलं आहे. मग चिंगीला तो कसा विसरेल? पुढचं त्याच्यावर सोपव.”

शुभवर्तमानात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला खाटेसह उचलून प्रभूकडे आणतात, दार मिळेना म्हणून छप्पर उघडतात (मार्क 2). त्या चौघांची नावे संत मार्कने लिहिलेली नाहीत. प्रभूने मात्र त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या धर्मग्रामात आज अंथरुणाला खिळलेली, मिस्सेला येऊ न शकणारी माणसे आहेत. त्यांच्या घरी खाट उचलणारे चार जण नसतात. बहुधा एकच असते, सून किंवा मुलगी, आणि ती दमलेली असते. मिस्सा संपल्यावर आपण घराकडे वळाल, तेव्हा या आठवड्यात कोणाच्या दारात जायचे ते ठरवा. एक तास त्या आजाऱ्यापाशी बसा आणि त्या सुनेला सांगा, “ताई, तू जरा झोप. मी आहे.” आपल्या घरी आजारी माणूस असेल तर त्याच्यासमोर ओझे, उपयोग, सुटका हे शब्द उच्चारू नका. आणि लेकरू एखादा लंगडा जीव घरात घेऊन आले तर त्याला हसू नका. हात धुवायला शिकवा आणि चार दिवस सांभाळू द्या. उद्या त्याच हातांनी तुम्हाला पेज भरवायची आहे.

हे प्रभू परमेश्वरा, किंमत नसलेल्या चिमणीलाही तू जाणतोस. जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना तुझ्या पंखांखाली घे. जे त्यांची सेवा करतात त्यांचे हात थकू देऊ नकोस. आणि आमच्या घरांत कोणीही स्वतःला नकोसे मानू नये, एवढी माया आमच्या बोलण्यात राहू दे. ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे. आमेन.